आयात शुल्कावरचा वाद आणि मुलीची वाट

महोदय,

आपल्या पत्रात मुलीच्या बारावीच्या गुणांचा उल्लेख एका ओळीत आहे आणि तिच्या 'उलट बोलण्याचे' वर्णन दोन परिच्छेदांत. आयात शुल्काचा बोजा मुख्यतः आपल्याच देशातील ग्राहकावर पडतो, असे ती घरात मांडते आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अर्थशास्त्र शिकू इच्छिते. आपल्या मते हे विचार देशहिताविरुद्ध आहेत, व्यापारावरील निर्बंधांच्या काळात या विषयाला भवितव्यही नाही, म्हणून तिला अभियांत्रिकीकडे वळवण्याचा उपाय आपण विचारला आहे.

तो उपाय मी सुचवणार नाही. पत्र वाचताना मला तिच्या गुणांची नव्हे, आपल्या भूमिकेची काळजी वाटली. तिचे म्हणणे खरे की खोटे, हे आपण कुठेही तपासलेले नाही. तिने ते म्हटले, एवढाच आपला आक्षेप आहे. अभ्यासातून आलेल्या मतावर देशद्रोहाची छाया टाकली की तरुण मुले मत बदलत नाहीत, वडिलांशी बोलणे बंद करतात. 'आम्ही ठरवले आहे' असे आपण पुन्हा पुन्हा लिहिता; त्या 'आम्ही'मध्ये ती आहे का?

आता मूळ मुद्दा. परदेशी विक्रेता शुल्क भरतो, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात सीमाशुल्क खात्याकडे रक्कम भरतो तो आयातदार. विक्रेत्याने आपली किंमत उतरवली तर बोज्याचा काही भाग त्याच्याकडे जातो, आणि मोठी बाजारपेठ असलेल्या देशाला हे थोडेफार साधतेही. उरलेला भाग आयातदाराच्या नफ्यातून किंवा ग्राहकाच्या खिशातून जातो. अमेरिकेने २०१८ च्या प्रारंभी आयात होणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लावले, तेव्हा तेथे त्यांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. शुल्क नसलेल्या, कपडे वाळवणाऱ्या ड्रायरच्या किमतीही जवळपास तितक्याच वाढल्या, कारण ही दोन यंत्रे बहुधा जोडीने विकली जातात. देशी उत्पादकांनीही किमती वाढवल्या. आपल्या मुलीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे.

मात्र तिने तेथेच थांबू नये. खुल्या व्यापाराने देशाचा एकूण लाभ होतो, हे इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये दाखवले. त्याच व्यापारात देशातील एखाद्या गटाचे उत्पन्न खरोखर घटू शकते, हे स्टॉल्पर आणि सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञांनी १९४१ मध्ये सिद्ध केले. ग्राहकाचे नुकसान लाखो लोकांत विखुरते, तर बंद पडणाऱ्या कारखान्याचे नुकसान एका गावात साचते आणि ते गाव एकजुटीने मतदान करते. अमेरिकेत १९३० साली हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी शुल्कवाढीला विरोध करणारे निवेदन दिले, तरी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी त्या विधेयकावर सही केली. ती सही का झाली, हे समजण्यासाठी तिला राज्यशास्त्रही गंभीरपणे वाचावे लागेल.

निर्बंधांनी हे क्षेत्र संपते, ही भीती निराधार आहे. प्रत्येक नव्या शुल्काबरोबर मालाचे वर्गीकरण, उत्पत्तीचे नियम (माल कोणत्या देशाचा मानायचा ते) आणि डम्पिंगविरोधी चौकशी (परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकला जातो का याची) यांचे काम वाढते. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प आहे. त्यामुळे देशांना तंटे सोडवण्याचे इतर मार्ग शोधावे लागतात आणि त्यासाठी अर्थशास्त्र व कायदा दोन्ही जाणणारी माणसे लागतात. अर्थशास्त्राची पदवी, सोबत गणित व संख्याशास्त्र आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, हा मार्ग सर्वपरिचित आहे.

गणिताचे तिचे गुण आपण कळवलेले नाहीत आणि या विषयात तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते मला तिच्याकडून कळावेत. आयात वाढल्यामुळे ज्यांची नोकरी जाते त्यांच्यासाठी सरकारने काय करावे, यावर तिने एक पान लिहून सोबत पाठवावे. ते पान पाठवण्यापूर्वी आपण त्यात दुरुस्ती करू नये, ही विनंती.