त्या कॅसेटमध्ये मी ओरडते आहे

प्रश्न : माझा मुलगा १९९७ साली गेला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. गिटारचं वेड. शिकवायला कुणी नव्हतं, ऐकून ऐकून बसवायचा. त्याच्या २७ कॅसेट मी जपून ठेवल्या आहेत. थोड्या त्याने स्वतः वाजवून भरलेल्या, बाकीच्यांत रेडिओवरून भरलेली गाणी. आमची मुलगी म्हणते, दादाची आठवण म्हणून यातून तासाभराचं काहीतरी छान करू. ओळखीच्या एकांनी एक कॅसेट संगणकावर घेऊन ‘स्वच्छ’ करून दिली. खरखर गेली, पण ऐकताना हा आपला नव्हेच असं वाटतं. दुसऱ्या एका कॅसेटमध्ये त्याचा आवाज बारीक, पोरसवदा येतो. आणि एकीत मीच आहे. तो वाजवतोय आणि मी आतून ओरडतेय, ‘बंद कर आधी ते, परवा परीक्षा आहे!’ तो हसतो आणि मग अगदी हळू पुढे वाजवत राहतो. मला ते ऐकवत नाही. तेवढा भाग कापता येईल का? आमचे हे तर कॅसेट लावली की उठून बाहेरच जातात.
— एक आई

उत्तर : ताई, कापता येईल. दोन मिनिटांचं काम आहे. पण मी ते करणार नाही, आणि तुम्हीही कुणाला करू देऊ नका. का, ते सांगायचं तर माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

मी तीस वर्षं ध्वनिमुद्रणात काढली. माझाही मुलगा गेला, एकोणिसाव्या वर्षी. बासरी वाजवायचा. फार काही चांगली नाही. खाली बरा टिकायचा, वर गेला की सूर फुटायचा. त्याची एकच टेप माझ्याजवळ होती. तो गेल्यावर तीन रात्री बसून मी ती ‘नीट’ केली. फुटलेले सूर काढले, खोकणं काढलं, ‘थांबा हं बाबा, परत घेतो’ हे काढलं, सुरांमधले श्वाससुद्धा काढले. उरली अकरा मिनिटं. आणि हाताला लागलेली सवय अशी, की काम झालं की मूळ टेप पुसायची आणि पुढच्या कामाला द्यायची. तीही मी तशीच दिली. आता ती अकरा मिनिटं लावली की बासरी छान ऐकू येते. कुणाचीही असेल.

तुमच्या ओळखीच्यांना दोष देऊ नका, सगळे तेच करतात. कॅसेटची खरखर वरच्या कंपनांमध्ये पसरलेली असते. माणसाचा श्वास, ‘स’ आणि ‘श’, तारेवर बोट घसरल्याची चिर्र, हे सगळंही तिथेच राहतं. यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे संगणकाला कसं कळणार? खरखर धुताना तेही धुतलं जातं. तुमचा मुलगा त्या चिर्रमध्ये होता.

बारीक येणारा आवाज मात्र दुरुस्त करून घ्या. एवढी एकच दुरुस्ती मला मंजूर आहे. बहुधा भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले होते. फीत हळू चालली, आणि आता ती ठरलेल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने फिरते तेव्हा सगळंच वर चढतं. वेगात सहा टक्के फरक म्हणजे गिटारवरचा एक अख्खा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधलं एक घर. मोकळ्या तारेचा स्वर धरून वेग जुळवता येतो. सेल उतरत जातात तसा फरकही वाढत जातो, त्यामुळे हे तुकड्यातुकड्याने करावं लागतं. मुलीला थोडा धीर धरायला सांगा. आणि हे सगळं प्रतीवर. संगणकावर घेतलेली पहिली नक्कल जशी उतरली तशी, खरखरीसकट, बाजूला राहू दे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (आवाज किती बारकाईने उतरवायचा याची ही मापं) घेतली तर तासाला साधारण एक जीबी जागा लागते. २७ कॅसेट एका पेनड्राइव्हमध्ये मावतील. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

कॅसेट लावण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो धातूचा भाग, आधी पुसून स्वच्छ केलेलं असू द्या. एखादीचा आवाज बसलेला वाटला तर आतली इवलीशी फेल्टची गादी निघाली आहे का बघा. फीत तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येते. कधी कधी शांततेत, गाणं सुरू व्हायच्या दोनेक सेकंद आधी, तेच गाणं पुसट ऐकू येईल. दचकू नका. फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ९० मिनिटांची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ, म्हणून तिच्यात हे जास्त. हेही मी काढत नाही.

आता रेडिओच्या कॅसेट. मुलीला वाटेल, ही गाणी तर कुठेही मिळतात, ती कशाला घ्यायची? गाणी मिळतात, पण निवेदक बोलायला लागल्यावर घाईने दाबलेलं बटण दुसरीकडे कुठे मिळणार? कुठलं गाणं अर्ध्यावर तोडलं, कुठलं एकाच बाजूला दोनदा भरलं, कशानंतर काय लावलं, ही सगळी त्याची निवड आहे. त्या कॅसेट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या खटक्यापर्यंत उतरवा. डबीतल्या कागदाचे, त्याच्या अक्षरातले, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. खोडलेली नावंही त्यात येऊ द्या.

आणि तुमचं ओरडणं. ताई, तो हसला तो तुमच्या ओरडण्यावर. ते कापलंत तर मुलगा वाजवता वाजवता उगाच हसतो आणि उगाच हळू होतो. ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. तुम्ही रागावलात आणि त्याला भीती वाटली नाही, तुमच्या घरात हे असं चालायचं, हे त्या अर्ध्या मिनिटात जितकं आहे तितकं तुमच्या मुलीच्या तासाभरात येईल की नाही, शंका आहे. रोज ऐकू नका. ऐकलंच पाहिजे असंही नाही. फक्त राहू द्या. जमलं तर फोनवर दोन वाक्यं बोलून ठेवा : खोली कुठली होती, परीक्षा कसली, पुढे झालं काय.

तुमच्या यजमानांना बसवून ऐकवू नका. माझी बायको ती अकरा मिनिटं कधीच ऐकत नाही. बराच काळ मला वाटायचं तिला सोसत नाही म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाली, ‘त्यात तो नाहीये.’

नक्कल करायला महिना लागो, वर्ष लागो. पण आज रात्री झोपण्याआधी एक करा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे प्लॅस्टिकचे टॅब असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. पेनाच्या टोकाने नुसते दाबले तरी तुटतात. २७ कॅसेट, ५४ टॅब. तुमच्या ओरडण्याची कॅसेट आधी घ्या.