टाइमटेबल नको, तीन कामं सोडा

प्रश्न : बार्शीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे, मराठी विषय घेऊन. दीड वर्षापासून ती घरबसल्या ऑनलाइन लेखनाची कामं करते. पाच ठिकाणची कामं आहेत, महिन्याला सतरा हजारांच्या आसपास येतात. धाकटा लातूरला नीटच्या क्लासला आहे, त्याचा आठ हजारांचा हप्ता त्यातूनच जातो. पण पाचव्या सत्रात तिचे मार्क ७२ टक्क्यांवरून ५८वर आले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते, संध्याकाळी दुकानावरही बसते. एका साइटवाल्यांचं म्हणणं आहे की रोज मोठा लेख गेला नाही तर गुगल साइट खाली ढकलतं. काम बंद करायला सांगू नका, घरीच तर असते. फक्त व्याप सोपा होईल असं टाइमटेबल करून द्या. पुढे बी.एड. करावं की एमपीएससी, तेही सांगा. तिच्या वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर : नमस्कार. मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. ५८चे पुन्हा ७२ होतील. मी अडखळले ती ‘घरीच तर असते’ इथे.

मुलगी कॉलेजला जाते, संध्याकाळी दुकानावर बसते आणि मग रात्री दोनपर्यंत पाच जणांसाठी लिहिते. हेच काम तिने सोलापूरला एखाद्या कचेरीत बसून केलं असतं, तर तुम्ही एव्हाना तिच्या साहेबांना फोन करून ‘पोरीला इतकं राबवता काय’ म्हणून विचारलं असतं. काम घरात होतं म्हणून ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

आणि तो हप्ता. मला हे स्पष्ट बोललंच पाहिजे. धाकट्याचं शिक्षण ही आईवडिलांची जबाबदारी आहे, वीस वर्षांच्या बहिणीची नाही. तिने आपणहून पैसे दिले असतील, तिचं मन मोठं आहे. पण आठ हजारांचा आकडा दर महिन्याला डोक्यावर असला की माणूस कुठल्याही कामाला नाही म्हणू शकत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानावर प्रॉपर्टीच्या साइटपुढे शब्दाचा दर ‘५० पैसे’ लिहून खोडलंय आणि शेजारी ‘३५’ केलंय. दर उतरला, तरी कामं तितकीच राहिली. तिने भांडून का पाहिलं नाही, याचं उत्तर त्या हप्त्यात आहे. व्याप वाढला तो इथून. टाइमटेबल करून दिलं तर हेच ओझं नीट घड्या घालून तिच्या पाठीवर ठेवल्यासारखं होईल. ते मी करणार नाही.

ते पान तुम्ही माझ्याबरोबर पुन्हा एकदा बघा. मुलगी फार व्यवस्थित आहे. प्रत्येक कामापुढे शब्द, दर, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात दुरुस्तीला लेख परत आला की एक उभी रेघ. प्रॉपर्टीच्या साइटचे महिन्याला वीस लेख, प्रत्येकी ८०० शब्द, ३५ पैशांनी ५,६०० रुपये. त्यापुढे मी ३१ रेघा मोजल्या. म्हणजे एका लेखाचे २८० रुपये. लिहायला दोन आणि दुरुस्त्यांना एक तास धरला, तर तासाला ९३ रुपये. रोजच्या बारा राशींचे महिन्याला तीन हजार, आणि त्याला एका दिवसाचीही सुट्टी नाही. आरोग्याच्या साइटचे दहा लेख, २,४०० रुपये. दागिन्यांच्या दुकानाच्या इन्स्टाग्रामचे दोन हजार. आणि शेतीच्या अॅपचे सहाच लेख, ७०० शब्दांचे, शब्दाला एक रुपया, म्हणजे ४,२०० रुपये. त्यापुढे रेघ एकच.

एकच का? कारण या विषयात तिला शोधाशोध करावी लागत नाही. दुकानावर बसून ती रोज शेतकऱ्यांचे प्रश्न ऐकते. सीताफळावर मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला की माणूस काऊंटरवर येऊन नेमकं काय विचारतो, हे तिला पाठ आहे. नवनाथ कसपटे यांचं एनएमके-१ गोल्डन हे सीताफळाचं वाण ज्या गोरमाळ्यात तयार झालं, ते तुमच्याच तालुक्यात. पुण्या-मुंबईत बसलेल्या लिहिणाऱ्याला जे चार फोन करून मिळतं, ते तुमच्या पोरीला दुकानात ऐकू येतं. लेखनाचं काम हलकं होतं ते अशाने. एका विषयात मुरलं की एकदा केलेला अभ्यास दहा लेखांना पुरतो. पाच विषयांत पाय असले की प्रत्येक लेख पाटी कोरी करून सुरू करावा लागतो.

आता गुगलचं. तुमच्या मुलीला हे सांगणाऱ्यांनी तिची दिशाभूल केली आहे. लेख किती शब्दांचा हवा याचा कुठलाही ठरलेला आकडा आमच्याकडे नाही, असं गुगलने साइटवाल्यांसाठीच्या आपल्या सूचनांमध्ये स्वतःच लिहिलंय. साइट ताजी दिसावी म्हणून नवनवीन पानांची भर घातल्याने क्रमवारीत फायदा होत नाही, हेही तिथेच आहे. उलट मार्च २०२४मध्ये त्यांनी नियम कडक केले : केवळ क्रमवारीसाठी ढिगाने काढलेली, वाचकाच्या कामाची नसलेली पानं म्हणजे गैरप्रकार, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. बातम्यांच्या साइटला रोज लिहावं लागतं, कारण बातमी रोज असते. ‘वन बीएचके घेताना काय पाहावं’ हे महिन्यातून वीसदा लिहिण्याची गरज कुठल्याही वाचकाला नाही. तिची रात्रीची झोप ज्या कारणासाठी जाते आहे, ते कारणच खोटं आहे.

म्हणून माझा सल्ला : प्रॉपर्टी, राशी आणि आरोग्य ही तीन कामं चालू महिना पुरा करून सोडायची. आरोग्याचं तर कितीही पैसे दिले तरी नको. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल बी.ए.च्या मुलीने झोपेने डोळे मिटत असताना लिहायचं आणि कुणीतरी ते वाचून डोस बदलायचा, ही जोखीम तिने का घ्यावी?

यात ११,००० रुपये जातील, ६,२०० उरतील. आकडा वाचून तुम्हाला धक्का बसेल, हे मला माहीत आहे. हप्त्याचं तुम्ही क्लासशी बोला, मुदत मागा, दुकानाच्या हिशेबात बघा. तुमची ओढाताण मला कळते. तरीही तो प्रश्न तुम्हीच सोडवायचा आहे. सहावं सत्र पार पडलं की तिने शेतीचे लेख सहावरून दहावर न्यावेत, दागिन्यांचं काम धरून ९,००० होतात. सध्याच्या निम्म्याहून थोडे जास्त, पण मेहनत निम्म्याहून खूप कमी.

यापुढचा भाग तिला वाचायला द्या.

मुली, नवीन काम घेताना दोनच गोष्टी आधी लिहून घे : विषय आणि मुद्दे त्यांनी एका पानात द्यायचे, आणि दुरुस्त्या दोनदाच, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. जे हे लिहून द्यायला तयार नसतील, त्यांच्या कामापुढेच पुढे ३१ रेघा पडतात. शेतीच्या लेखांसाठी एक वेगळी वही कर, पीकवार. दुकानावर आलेला प्रश्न त्याच दिवशी तिच्यात उतरव. दागिन्यांच्या महिन्याच्या ओळी एका रविवारी बसून लिहून टाक, रोज दोन-दोन लिहू नकोस. कुणी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापत असेल आणि तुझं उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. तो तुझाच पैसा आहे, सोडू नकोस. अॅपवाल्यांकडे दर वाढवून माग. लेख बिनचूक आणि वेळेवर देणारा माणूस त्यांनाही सहज मिळत नाही.

बी.एड.ची सीईटी, एमपीएससी, अमरावतीच्या आयआयएमसीतली (भारतीय जनसंचार संस्थेतली) मराठी पत्रकारिता, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट : सगळे रस्ते पदवीनंतर खुले आहेत, त्यांची घाई आज नको. तुला काय करायचंय, हे वडिलांच्या पत्रात एका ओळीनेही आलेलं नाही. ते तू स्वतः मला लिही.

आणि दादा, शेवटी तुम्हालाच सांगते. त्या फोटोत उजव्या कोपऱ्यात, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीने बारीक लिहिलंय : ‘मिलीबग, निंबोळी अर्क किती? अप्पांना विचारणे.’ त्यापुढे टिकमार्क नाही. आज दुकान बंद केल्यावर तिच्याशेजारी बसा आणि तेवढं सांगून टाका.