‘रिस्टोअर्ड’ कार्टून डिस्क घेताना आधी काय पाहावे

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. लहानपणी टॉम आणि जेरीच्या व्हीसीडी पाहिल्या होत्या, आता ब्लू-रे प्लेअर घरात आला आहे आणि जुन्या कार्टून लघुपटांचे ‘रिस्टोअर्ड’, म्हणजे जुन्या फिल्मवरून साफसफाई करून काढलेले, संच जमवायचे आहेत. त्यासाठी कोणता संच आधी घ्यावा, मागवलेल्या टेक्स एव्हरी या कार्टून दिग्दर्शकाच्या संचाच्या पहिल्या खंडात चित्रावर बारीक वाळू हलल्यासारखी दिसते म्हणून तो परत करावा का, आणि अमेरिकेची डिस्क आपल्याकडे चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. गेली वीसेक वर्षे मी हा नाद केला आहे आणि त्यात पुरेसे पैसे वाया घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाळूचा प्रश्न आधी घेतो, कारण परत करण्याची मुदत संपत आली असेल. कृपया ती डिस्क परत करू नका. तुम्हाला दिसते आहे तो फिल्मचा ग्रेन आहे. ही कार्टून सेल्युलॉइडवर रंगवलेली असली तरी ती आपल्यापर्यंत आली ती पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर छायाचित्रे घेऊनच, आणि फिल्म म्हटली की कण आलेच. व्हीसीडीवर ते दिसत नव्हते, कारण तिथे ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांत सगळे चित्र कोंबलेले असे आणि कणांबरोबर पार्श्वभूमीच्या जलरंगातले ब्रशचे फटकारेही त्यात विरघळून जात. ज्या डिस्कवर जुने कार्टून प्लास्टिकच्या खेळण्यासारखे गुळगुळीत दिसते, तिच्यावर संशय घ्यायला हवा.

हा गुळगुळीतपणा कसा येतो, हे एकदा समजून घेतले की वेष्टनावरच्या शब्दांना भुलायला होत नाही. जुन्या फिल्मवरची धूळ आणि ओरखडे काढण्यासाठी डिजिटल नॉइज रिडक्शन वापरतात. ते यंत्र शेजारशेजारच्या फ्रेम ताडून पाहते आणि एकाच फ्रेममध्ये दिसणारी, पुढच्या फ्रेममध्ये नाहीशी होणारी बारीक रेघ म्हणजे कचरा, असे ठरवून ती पुसून टाकते. माणसांच्या चित्रपटात हे बऱ्याच अंशी खपून जाते. कार्टूनमध्ये मात्र वेगाने पळणाऱ्या पात्राची शाईची रेघ प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असते, त्यामुळे यंत्राच्या लेखी रेघ आणि कचरा यांत फरक उरत नाही. पडताळा घ्यायचा असेल तर टॉम जोरात धावत असेल तिथे डिस्क थांबवा आणि रिमोटवरून एकेक फ्रेम पुढे सरकवा. चांगल्या प्रतीत मिशांचे केस टोकापर्यंत अखंड दिसतात. घासून काढलेल्या प्रतीत तोच केस मध्येच तुटतो, पंजाची कड अर्धी गायब होते, आणि पुढच्या फ्रेममध्ये टॉम जागेवर थांबला की सगळे पूर्ववत होते. चालत्या चित्रात हे डोळ्यांना नेमके कळत नाही, पण काहीतरी फिके वाटत राहते. २००३ ते २००८ या काळात आलेले ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’ या बग्ज बनी आणि मंडळींच्या संचाचे सहा खंड मला अतिशय प्रिय आहेत, तरी त्यांतल्याही काही लघुपटांना हा प्रसाद मिळालेला आहे.

सफाईइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती कशावरून केली आहे. तीस आणि चाळीसच्या दशकांतली टेक्निकलर कार्टून एका खास पद्धतीने चित्रित होत. रंगवलेला सेल, म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा, कॅमेऱ्याखाली निश्चल असतो, त्यामुळे एकच फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून लागोपाठ तीनदा, एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर टिपता येई. सात मिनिटांच्या लघुपटाच्या १०,०८० फ्रेम होतात, म्हणजे निगेटिव्हवर ३०,२४० चित्रे. यातली गंमत अशी की निगेटिव्हवर रंगद्रव्य नसल्यामुळे रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही. आज ही तीन चित्रे वेगवेगळी स्कॅन करून संगणकावर एकमेकांवर तंतोतंत बसवली की असे रंग मिळतात, जे त्या काळच्या छापील प्रिंटमध्येही इतके नेटके जुळत नसत. बसवण्यात कसूर झाली तर पात्राच्या कडेला लाल किंवा हिरवी झालर दिसते, आणि ती दिसली की काम घाईत उरकले आहे असे खुशाल समजावे.

पण मूळ निगेटिव्ह शाबूत असेल तरच हे शक्य आहे. टॉम आणि जेरी व टेक्स एव्हरी ही दोन्ही मंडळी एमजीएम स्टुडिओची, आणि तिथेच दुर्दैव आडवे आले. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ठेवलेल्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मना मे १९७८ मध्ये आग लागली आणि एमजीएमच्या अनेक जुन्या कार्टूनची मूळ निगेटिव्ह त्यात जळून गेली. उरल्या त्या आगीआधीच सुरक्षित फिल्मवर काढून ठेवलेल्या प्रती. त्यामुळे आज एमजीएमची ही कार्टून आणि वॉर्नर स्टुडिओची स्वतःची जुनी कार्टून, या दोन्हींचे हक्क वॉर्नरकडेच असले, तरी १९४३ चा बग्ज बनी त्याच साली बनलेल्या टॉमपेक्षा अधिक रेखीव दिसू शकतो. त्यात डिस्क बनवणाऱ्याचा दोष नाही. हे लक्षात घेतले की टेक्स एव्हरीच्या २०२० आणि २०२१ मध्ये आलेल्या तिन्ही खंडांचे काम किती कसोशीने झाले आहे ते कळते. दुसऱ्या पिढीच्या प्रतींवरून इतके मिळवले आहे, हे तुमच्या हातातल्या डिस्कबद्दल सांगायलाच हवे.

आता टॉम आणि जेरी. विल्यम हाना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेले लघुपट ११४. त्यानंतर जीन डाइच यांनी प्रागमध्ये केलेले १३ आणि चक जोन्स यांचे ३४ धरले की चित्रपटगृहांसाठी केलेली जुनी संख्या १६१ होते, पण संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ते पहिले ११४. यांच्या डिस्कचा इतिहास मनस्तापाचा आहे. २०११ मध्ये ‘गोल्डन कलेक्शन’ या नावाने ब्लू-रेवर पहिले ३७ लघुपट क्रमाने आले आणि आम्ही सगळे हरखून गेलो. दुसरा खंड २०१३ मध्ये यायचा होता, पण त्यातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ हे दोन लघुपट वगळल्याचे जाहीर झाले. संग्राहकांनी ओरड केली आणि तो खंडच निघाला नाही. या दोन्हींत कृष्णवर्णीयांची चेष्टा करणारे विनोद आहेत, त्यांचे समर्थन मी करणार नाही. तरीही प्रौढ संग्राहकासाठी काढलेल्या संचात ते सुरुवातीला स्पष्ट सूचना देऊन, न कापता असावेत असे माझे मत आहे, आणि घरात लहान मुले असतील तर आधी आपण पाहून मग त्यांना दाखवावेत. १९४८ साली काय चालत होते हे झाकून टाकल्याने ते घडले नव्हते असे होत नाही. टॉमच्या घरात घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचा आवाज नंतर अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी बदलून घेतला होता, तेव्हा संचात मूळ ध्वनिपट आहे की बदललेला, हेही विचारून घ्यावे. २०२५ च्या अखेरीस ११४ लघुपटांचा एकत्रित ब्लू-रे संच निघाला, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने जुने खंड चढ्या भावाने शोधत बसण्याचे कारण उरलेले नाही.

तुम्ही विचारले नाही, पण मला विचाराल तर खरा खजिना पॉपायचा आहे, आणि तोही साध्या डीव्हीडीवर. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने १९३३ पासून केलेले हे लघुपट १९५६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी विकले गेले तेव्हा नव्या मालकाने पॅरामाउंटची मूळ बोधचिन्हे काढून त्यांच्या जागी स्वतःची पाटी चिकटवली. पुढे १९८० च्या दशकात कृष्णधवल पॉपाय रंगीत हवा म्हणून दक्षिण कोरियात प्रत्येक चित्र पुन्हा गिरवून रंगवले गेले, आणि त्या गिरवण्यात मधल्या हालचाली गळाल्या. पडद्यावर पॉपाय पालक खाऊन उडी मारतो, पण चित्रे कमी झाल्यामुळे तो उडी न मारता इकडून तिकडे ठेवल्यासारखा दिसतो. आपल्यापैकी अनेकांना पॉपाय जरा बेगडी वाटत आला असेल, तर त्याचे एक कारण हे आहे.

२००७ मध्ये आलेल्या पहिल्या खंडाने या सगळ्याची भरपाई केली. चार डिस्कवर १९३३ ते १९३८ चे साठ लघुपट आहेत, मूळ कृष्णधवल स्वरूपात आणि मूळ श्रेयनामावलीसह. जहाजाचे दोन दरवाजे उघडतात, आत नाव दिसते, दरवाजे मिटतात, पुन्हा उघडतात तेव्हा पुढचे नाव. शिट्टी वाजते आणि लघुपट सुरू होतो. इतकी साधी गोष्ट पन्नास वर्षे जवळजवळ कोणाला पाहायला मिळाली नव्हती. त्याच खंडात १९३६ चा सिंदबादचा दोन रिळांचा रंगीत लघुपट आहे. त्यात पात्रे चालू लागली की मागची खडकाळ गुहा खरोखर वळते, कारण ती रंगवलेली नसून टेबलावर रचलेली, फिरवता येणारी प्रतिकृती आहे आणि तिच्यापुढे काचेत धरलेल्या सेलचे छायाचित्र घेतले आहे. माझ्या मुलीने हे संगणकावर केले आहे असे ठामपणे सांगितले होते. तिला साल दाखवावे लागले. पुढचे दोन खंड १९४३ पर्यंत येतात आणि चाळीसच्या दशकातले रंगीत पॉपाय २०१८ पासून ब्लू-रेवर तीन खंडांत आले आहेत. ते देखणे आहेत, पण फ्लायशर गेल्यावर जुनी खुमारी त्यांत उरली नाही, असे मला वाटते.

आता तांत्रिक बाजू. डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची डिस्क साधारणपणे दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या विभागात मोडते. ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका ए, ब्रिटन बी आणि भारत सी आहे. वॉर्नरच्या संग्राहकांसाठीच्या बऱ्याच ब्लू-रे कुठल्याही विभागात चालतात, पण मागवण्यापूर्वी त्या विशिष्ट डिस्कची खात्री करावी. डीव्हीडी संचांसाठी मात्र सर्व विभाग वाचणारा प्लेअर हवाच. अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांच्या सामानातून आलेली डिस्क टपालाच्या आणि सीमाशुल्काच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते, हे मराठी घरांत वेगळे सांगायला नको. ब्रिटनच्या डीव्हीडी घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाल या तिकडच्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत सेकंदाला चोवीस फ्रेमची फिल्म पंचवीसने पळवतात, त्यामुळे सात मिनिटांचा लघुपट सहा मिनिटे त्रेचाळीस सेकंदांत संपतो आणि सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. टॉम आणि जेरीला संगीत देणारे स्कॉट ब्रॅडली पात्राच्या एकेका पावलावर स्वर बसवत, तिथे हा फरक कानाला खुपतो. संवादिनीवर बोट ठेवून पाहिले की लगेच सापडतो.

वापरलेले संच घेताना डिस्क उलटी करून पाहा. कारखान्यात छापलेल्या डिस्कचा तळ चंदेरी किंवा किंचित सोनेरी असतो, घरी बर्न केलेल्या डिस्कचा जांभळट. मी एकदा छापील वेष्टन आणि चकचकीत पुस्तिका पाहून पूर्ण किंमत मोजली आणि घरी आल्यावर आत चार जांभळ्या डिस्क निघाल्या. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. दुसरे म्हणजे, २००६ ते २००८ या काळात छापलेल्या काही डीव्हीडी अकाली खराब होत असल्याचे वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केले आहे, आणि पॉपायचे डीव्हीडी खंड नेमके त्याच काळातले. म्हणून तो संच हाती आला की प्रत्येक डिस्क शेवटच्या लघुपटापर्यंत चालवून पाहा. सुरुवातीची दहा मिनिटे पाहून कपाटात ठेवू नका, कारण बिघाड बहुधा बाहेरच्या कडेकडे, म्हणजे डिस्कच्या शेवटाकडे, आधी जाणवतो.

पावसाळ्यात डिस्कवर बुरशीची जाळी धरते, विशेषतः कोकणपट्टीत. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा आणि त्या दर वर्षी बदला. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. लहानपणीच्या व्हीसीडी अजून असतील तर त्या टाकून देऊ नका. त्या आज संगणकावर उतरवून घ्या. चित्र वाईट असले तरी त्यांत दूरचित्रवाणीसाठी बदललेला तो दुसरा ध्वनिपट असण्याची शक्यता आहे, आणि नव्या संचाशी ताडून पाहायला तो हाताशी असलेला बरा.