वाचकांचे प्रश्न : विंडोज येईपर्यंत कीबोर्ड मुका

प्रश्न (देवगड, आंबा बागायतदार) : पॅकिंग शेडमधल्या डेस्कटॉपला डोंगलवाला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा) वायरलेस कीबोर्ड-माउस आहे. विंडोज आलं की दोन्ही व्यवस्थित चालतात. पण हल्ली चालू करताना काळ्या पडद्यावर 'सीमॉस'बद्दल काहीतरी येतं, एफ-१ दाबा म्हणतं, आणि कितीही दाबला तरी पडदा जागचा हलत नाही. शेजारच्यांचा वायरचा कीबोर्ड लावला की एका फटक्यात पुढे जातं. डोंगल बदलू का?

उत्तर : डोंगल बदलू नका. विंडोजमध्ये चालतोय म्हणजे डोंगल, कीबोर्ड आणि कीबोर्डमधले सेल शाबूत आहेत. तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आली आहेत. एक म्हणजे मदरबोर्डवरचा, म्हणजे पीसीतल्या मुख्य बोर्डवरचा, सेल संपलाय. ज्या 'सीमॉस'बद्दल निरोप येतो, ती बोर्डची सेटिंग्ज जपणारी छोटी मेमरी याच सेलवर चालते. दुसरं, चालू होताना मशीनला डोंगल दिसत नाही. हे दुसरं कदाचित पहिल्यापासूनच असेल, पण एफ-१ दाबायची वेळ आली नव्हती म्हणून कळलं नाही.

आधी सेल पाहू. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जुन्या बोर्डांवर तर सगळी सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर बंद पीसीतही थोडी वीज बोर्डला मिळत राहते आणि सेल जवळजवळ खर्ची पडत नाही. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की आपण प्लग काढून ठेवतो. ते बरोबरच आहे, ती सवय सोडू नका. पण तेवढे दिवस सगळा भार सेलवर येतो, म्हणून तो लवकर संपतो. तारीख मागे गेली असेल आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर सेल गेलाच समजा. मल्टिमीटर असेल तर मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८च्या खाली गेला की बदलायचा.

बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, मगच कॅबिनेट उघडा. सेलच्या कडेला पत्र्याची छोटी जीभ असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल स्वतःहून उचलला जातो. नवा बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर. बोटांचा घाम सेलवर राहू देऊ नका, कोरड्या फडक्याने पुसून बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर एफ-१चा निरोप पुन्हा एकदा येईल. तेव्हा शेजाऱ्यांचा कीबोर्ड हाताशी ठेवा, बोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि सेव्ह करून बाहेर पडा.

आता डोंगल. बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंत मशीन बोर्डवरच्या एका छोट्या प्रोग्रामच्या ताब्यात असतं. त्याला बायॉस म्हणतात, नव्या बोर्डांवर यूईएफआय. विंडोजचे ड्रायव्हर तेव्हा अजून डिस्कवरच असतात. बायॉसला यूएसबी कीबोर्डची एक साधी बोली तेवढी कळते, तिचं नाव बूट प्रोटोकॉल. प्रत्येक निरोप आठ बाइटचा, त्यात शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा आणि एका वेळी जास्तीत जास्त सहा बाकीच्या. वायरचे कीबोर्ड ही बोली बोलतात. चांगला डोंगलही बोलतो, त्यामुळे मागे वायर नाही हे बायॉसला समजतही नाही. स्वस्त संचातले काही डोंगल मात्र कीबोर्ड, माउस आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळा अशा तीन ओळखी एकदम पुढे करतात, आणि जुना बायॉस तिथे गोंधळतो.

शेजाऱ्यांच्या कीबोर्डची पिन कशी होती, यावर पुढचं निदान ठरतं. जांभळ्या खोबणीत बसणारी गोल पिन असेल, तर बायॉसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट', म्हणजे विंडोज येण्याआधी यूएसबी कीबोर्ड चालवायचा आधार, बंद असू शकतो. आत जाऊन तो 'एनेबल्ड' करा. 'ऑटो' ठेवू नका. ऑटोमध्ये काही बोर्ड स्वतःच ठरवतात की यूएसबीवर काही नाही, आणि आधार काढून घेतात. पिन यूएसबीची असेल तर हा आधार चालूच आहे, दोष पोर्टमध्ये किंवा डोंगलमध्ये शोधायचा.

डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये किंवा हबमध्ये असेल तर आधी तिथून काढा. थेट बोर्डवरच्या, म्हणजे मागच्या पोर्टमध्ये लावा, आणि शक्यतो काळ्या, यूएसबी २च्या. जुन्या बोर्डांवर निळे पोर्ट कधीकधी वेगळ्या चिपवर असतात, ती चिप विंडोजचा ड्रायव्हर आल्यावरच जागी होते. तरी जमलं नाही तर प्लग काढून, पॉवरचं बटण १५ सेकंद धरून, डोंगल काढून पुन्हा लावा. बंद पीसीच्या पोर्टलाही वीज मिळत असते, त्यामुळे अडकलेला डोंगल नुसतं शटडाउन केल्याने सुटत नाही.

यानंतरचा संशयित 'फास्ट बूट'. वेळ वाचवायला बायॉस यूएसबीची तपासणी अर्धवट सोडतो किंवा करतच नाही. तो बंद करा, दोन-चार सेकंद जास्त लागतील एवढंच. बायॉसमध्ये शिरायलाच कीबोर्ड चालत नसेल तर विंडोजमधून माउसने जाता येतं. स्टार्ट मेनूतल्या पॉवर बटणावर जा, स्क्रीनवरच्या कीबोर्डने नव्हे तर खऱ्या कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'. फार जुन्या बोर्डवर ही शेवटची ओळ दिसत नाही, तिथे वायरचाच कीबोर्ड लागतो.

एक सावधगिरी मनापासून सांगायची आहे. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर सेल बदलल्यावर किंवा बायॉसमध्ये फेरफार केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. हात लावण्यापूर्वी ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा. ऐन हंगामात पेट्यांचा सगळा हिशेब कुलपात अडकून बसायला नको.

प्रश्न (गुहागर) : ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. पीसीवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. सुरुवातीला कुठलं हवं ते विचारणाऱ्या यादीत बाणाच्या कळा चालतच नाहीत, आणि दहा सेकंदांनी आपोआप उबुंटू सुरू होतं.

उत्तर : हा बिघाड नाही, ब्लूटूथची मर्यादा आहे. कीबोर्डशी जुळलेल्या जोडणीची किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते, आणि यादी दाखवणारा ग्रब हा तिच्या आधी चालतो. साधारण पीसीच्या बायॉसमध्ये ब्लूटूथ बोलणारा भागच नसतो, त्यामुळे कुठलंही सेटिंग बदलून हे सुटणार नाही. तुमच्या कीबोर्डला ब्लूटूथबरोबर डोंगलही मिळाला असेल तर तो लावा आणि चालू करताना कीबोर्डचा चॅनल डोंगलवर न्या. नसेल तर ३००-४०० रुपयांचा वायरचा यूएसबी कीबोर्ड मागे कायम लावून ठेवा. दोन कीबोर्ड एकत्र लावल्याने काही बिघडत नाही. बिटलॉकरचा पिन किंवा लिनक्सच्या डिस्कचा पासवर्ड सुरुवातीलाच द्यावा लागत असेल, तर असा कीबोर्ड हवाच.

प्रश्न (रत्नागिरी, सेवा केंद्रचालक) : नव्या छोट्या वायरलेस कीबोर्डवर एफ-२ दाबला तरी बायॉस उघडत नाही. नम लॉकचा दिवाही नाही, त्यामुळे कीबोर्ड जागा आहे की नाही तेच कळत नाही.

उत्तर : बहुधा जागा आहे, पण एफ-२ म्हणून वेगळंच काही पाठवतोय. अशा कीबोर्डांवर वरच्या ओळीच्या कळा मुळात आवाज, उजेड, शोध यांसाठी लावलेल्या असतात. बायॉसला त्यांचा अर्थ कळत नाही. 'एफएन' ही कळ धरून एफ-२ दाबा. डिलीटची कळही छोट्या कीबोर्डवर बऱ्याचदा एफएन धरूनच मिळते. दुसरं असं, की वीज वाचवायला हे कीबोर्ड झोपतात आणि पहिली टिचकी त्यांना उठवण्यातच जाते. म्हणून पॉवरचं बटण दाबल्याबरोबर एखादी शिफ्ट दाबून कीबोर्ड जागा करा, मग सेकंदाला दोनदा या वेगाने एफएन-एफ-२ टिचकवत राहा. दाबून धरू नका, काही बोर्ड अडकलेली कळ समजून त्रुटी दाखवतात. एफ-२ सगळीकडे चालेलच असंही नाही. सुटे भाग जुळवून बनवलेल्या (असेंबल्ड) डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट, डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१० लागतो.

प्रश्न (मालवण, होमस्टे) : किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. कीबोर्ड कधी सुरुवातीला चालतो, कधी मध्येच अक्षरं गिळतो. सेल नवे टाकले तरी तेच.

उत्तर : कधी चालतो, कधी नाही, म्हणजे सेटिंगचा संशय सोडा आणि कीबोर्ड उलटा करून सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी भुकटी किंवा हिरवट-निळा थर दिसेल. खाऱ्या, दमट हवेत पितळ आणि तांबं लवकर काळवंडतं, त्यात सेल पाझरला असेल तर थर जाड होतो. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी असतो. त्याला कापसाच्या काडीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब घ्या, बारीक बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत चोळा. साधा स्वस्त पेन्सिल सेल पाझरला असेल तर तो पाझर आम्लधर्मी असतो, तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तासभर सुकू द्या. पितळेची भांडी कोकमाने उजळतात म्हणून इथे आगळ मात्र लावू नका. आगळात मीठ असतं, आणि फटीत राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा गंज आणतं. डोंगलच्या चार पट्ट्याही त्याच अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात होमस्टे बंद ठेवत असाल तर कीबोर्डमधले सेल काढून ठेवा.

अक्षरं गिळण्याचं कारण बहुतेकदा शेजारीच असतं. डोंगल निळ्या पोर्टमध्ये आणि बाजूला यूएसबी ३ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल, तर त्या वायरींतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. डोंगल त्याच पट्ट्यात ऐकतो. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल कॅबिनेटच्या पत्र्यामागून काढून टेबलावर आणा.

प्रश्न (दापोली, शाळा) : लॅबच्या पीसीवर विंडोज ७ टाकतोय. बायॉसमध्ये डोंगलवाला कीबोर्ड उत्तम चालतो, पण भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस दोन्ही मरतात. वायरचे यूएसबी लावले तरी तसंच.

उत्तर : इथे उलटं झालंय. बायॉसला कीबोर्ड येतो, विंडोज ७ला येत नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ नंतरच्या बोर्डांवर जुना यूएसबी २चा कंट्रोलर राहिला नाही, सगळे पोर्ट नव्या कंट्रोलरवर गेले आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७च्या डिस्कमध्ये नाही. बोर्डवर जांभळी गोल खोबण असेल तर त्या पिनेचा कीबोर्ड पीसी बंद असताना लावून काम होईल. पण विंडोज ७ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाली आहेत. मुलांच्या लॅबसाठी आता उबुंटू टाका. त्यात हा ड्रायव्हर आधीपासून आहे, आणि मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट आराखडाही.