फिट येण्यात ग्लिया पेशींचा हात असतो का?

भावाच्या एमआरआयमध्ये ‘ग्लायोसिस’ (ग्लिया पेशींचा व्रण) आलंय, पण फिट तर न्यूरॉनमुळे, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशींमुळे येते, मग ग्लिया या मदतनीस पेशी मध्येच कुठून आल्या, असं तुम्ही विचारलंय. त्यांचा संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा.

न्यूरॉन प्रत्येक संदेशाबरोबर थोडं पोटॅशियम बाहेर टाकतो. पेशींभोवतीच्या द्रवात ते एरवी ३ मिलिमोलरच्या आसपास असतं, फिटमध्ये १०-१२ पर्यंत चढतं. ते वाढलं की शेजारचे न्यूरॉनही सहज उत्तेजित होतात, मग तेही पोटॅशियम टाकतात. प्रयोगशाळेत मेंदूच्या कापांवर काम करताना मी हे कितीदा तरी पाहिलंय. निरोगी उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचा) काप, त्याच्या द्रवातलं पोटॅशियम ८.५ वर नेलं, बाकी काहीच केलं नाही. थोड्या वेळाने स्क्रीनवरच्या शांत रेषेत टोकदार लाटांचे झुबके आपोआप उमटायला लागतात.

हे साचलेलं पोटॅशियम उचलणं हे अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींचं काम. न्यूरॉनला चेतवणारं ग्लुटामेटही त्याच ओढून घेतात आणि त्याचं निरुपद्रवी ग्लुटामाइन करून परत देतात. औषधांना न जुमानणाऱ्या टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) अपस्मारात, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारात, शस्त्रक्रियेने काढलेला हिप्पोकॅम्पस तपासला, तेव्हा हे रूपांतर करणारं एन्झाइमच कमी आढळलं.

आता कोणी म्हणेल, वारंवार फिट आल्यामुळेच या पेशी बिघडल्या असतील. तसंही होतं. पण उलट दिशेचाही पुरावा आहे. ग्लुटामेट ओढणारं मुख्य प्रथिन (ते बहुतांशी अ‍ॅस्ट्रोसाइटवरच असतं) काढून टाकलेल्या उंदरांना जीवघेण्या फिट आल्या, हे १९९७ मध्येच दिसलं होतं. माणसांत केसीएनजे१० या जनुकात दोष असला की अगदी लहानपणी फिट सुरू होतात, तोल जातो, ऐकू कमी येतं, मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात. मेंदूत या जनुकाची पोटॅशियम-वाहिनी मुख्यतः ग्लियावर असते.

मायक्रोग्लिया हा ग्लियांचा दुसरा प्रकार, तो वेगळाच विषय. त्या दाह वाढवतात आणि दाहामुळे फिट सोपी होते, एवढं इथे पुरे.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी नेहमीची औषधं मात्र न्यूरॉनलाच आवरतात. साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधं पुरेशी लागू पडत नाहीत. ग्लियाकडे दुर्लक्ष हेच त्याचं एकमेव कारण नसेल, पण माझ्या मते ते महागात पडलंय.

भावाच्या रिपोर्टबद्दल म्हणाल तर ग्लायोसिस म्हणजे जुन्या इजेचा व्रण. असा व्रण असूनही जन्मात फिट न आलेले लोक पुष्कळ असतात, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून दोष तिथेच आहे असं धरू नका. व्रणाची जागा आणि ईईजीतली (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातली) फिटची जागा जुळते का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. जुळत असेल आणि नीट निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं घेऊनही फिट थांबत नसतील, तर तिसरं औषध सुरू करण्याआधी शस्त्रक्रियेच्या तपासणीचा विषय तुम्हीच काढा.