मसाल्याच्या व्हिडिओत जाहिराती किती घ्याव्यात?

मालवणच्या एका ताईंचा प्रश्न. त्यांचं कोकणी पाककृतींचं यूट्यूब चॅनेल आहे. महिन्याला साधारण ६०,००० व्ह्यूज आणि जाहिरातींचे २,७०० रुपये मिळतात. त्याच व्हिडिओंमुळे घरचा मालवणी मसाला, कोकम आगळ आणि आंबापोळीच्या महिन्याला ४० ऑर्डरी येतात. खर्च वजा जाता एका ऑर्डरीमागे २५० रुपये सुटतात. मुलाचं म्हणणं, प्रत्येक व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर न्यायचा, मध्ये चार-पाच जाहिराती टाकायच्या आणि त्या जोरावर ३,००० रुपये हप्त्याने कॅमेरा घ्यायचा. शिवाय एक रिफाइंड तेलवाली कंपनी एका व्हिडिओचे १२,००० रुपये द्यायला तयार आहे.

ताई, तुमचा खरा धंदा मसाल्याचा आहे. जाहिरातीचे २,७०० आणि विक्रीचे १०,००० हे आकडे शेजारी ठेवले की ते लगेच दिसतं. समजा मधल्या जाहिरातींनी उत्पन्न दीडपट झालं, तरी वाढले १,३५० रुपये. चाळीसातल्या सहा ऑर्डरी कमी झाल्या की १,५०० गेले. आणि त्या कमी होण्याची भीती खरी आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंत ऑर्डरीचा नंबर अगदी शेवटी येतो. तिसऱ्या जाहिरातीला कंटाळून उठलेलं गिऱ्हाईक तिथवर पोचणारच नाही. तेव्हा आधी नंबर पहिल्या मिनिटात दाखवा आणि व्हिडिओखालच्या माहितीत पहिल्याच ओळीत टाका. याला पैसा लागत नाही.

मग व्हिडिओंचे दोन भाग करा. ज्यांत तुमचा मसाला, आगळ किंवा आंबापोळी दिसते, त्यांत मधली एकही जाहिरात नको; सुरुवातीची पुरे. घावणे, खापरोळी, शिरवाळे असे जे नुसते बघण्याचे व्हिडिओ आहेत, त्यांत जास्तीत जास्त दोन. मधली जाहिरात आठ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओतच घेता येते हे मुलाचं बरोबर आहे, पण सहा मिनिटांची कृती ताणून आठ करू नका. लोक पुढे सरकवतात, मध्येच सोडतात, आणि यूट्यूब तो व्हिडिओ इतरांना सुचवायचं कमी करतं.

जाहिरातीची जागा यंत्रावर सोडू नका. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून कधी घालायची हे तुम्ही सांगत असताना जाहिरात आली, तर बघणारा वैतागणारच. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या कमाईच्या पानावर या जागा हाताने ठरवता येतात. एक जागा वाटप (वाटण) वाटून झाल्यावर, दुसरी कालवणाला उकळी येईपर्यंतची. चार-पाच जुन्या व्हिडिओंवर २८ दिवस हे करून बघा आणि प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात नेमक्या त्या मिनिटाला घसरण दिसते का तपासा. दिसली तर एक जाहिरात काढा. मात्र दिवाळीची तुलना जानेवारीशी करू नका; सणांच्या महिन्यांत जाहिरातींचे दर चढतात आणि नव्या वर्षात उतरतात. एप्रिल-मे तर तुमचा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीचा हंगाम. तेव्हा मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं वर्षाचा मसाला भरतात, म्हणून ते दोन महिने जाहिराती कमीच असू द्या.

तेलाचे १२,००० म्हणजे जवळजवळ साडेचार महिन्यांचं जाहिरातीचं उत्पन्न. मोह होणं स्वाभाविक आहे. पण तुम्ही स्वतः घाण्याचं तेल वापरता असं लिहिलंय. जे घरात वापरत नाही त्याची शिफारस करू नका, असंच मी सांगेन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी घ्यायचंच ठरलं, तर किती सेकंद, तुमचा व्हिडिओ ते इतरत्र किती काळ वापरणार आणि दुसरं तेल दाखवायला बंदी आहे का, हे तीन मुद्दे लेखी घ्या. ‘वर्षभर दुसरं तेल नाही’ असं कलम असेल, तर १२,००० फारच कमी आहेत. आणि ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगायलाच हवं.

कॅमेऱ्याचा हप्ता मात्र या पैशावर बांधू नका. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही. तुमच्या वेगाने ते तीन-चार महिन्यांतून एकदाच येतील, हप्ता तर दर महिन्याला जाईल. गूगलकडे अमेरिकी कराचा फॉर्म पॅनसह भरलाय का तेही बघा. भरला असेल तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईतून १५ टक्के कापले जातात. भरला नसेल तर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. इथल्या विवरणपत्रात हे उत्पन्न मसाल्याच्या विक्रीबरोबर व्यवसायाचं म्हणून दाखवा. कॅमेऱ्यासाठी जाहिरातीचे पैसे वेगळ्या खात्यात साठू द्या, पुरेसे झाले की रोखीने घ्या. तोवर मोबाइल आणि एक चांगला कॉलर माइक पुरेसा आहे. पाककृतीत चित्रापेक्षा अस्पष्ट आवाजाने लोक लवकर कंटाळतात.