अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज वसाहती एकमेकींपेक्षा इतक्या वेगळ्या का? भूगोल की हेतू?

तुम्ही विचारलंय की व्हर्जिनिया पैशासाठी वसली आणि मॅसॅच्युसेट्स धर्मासाठी, म्हणून पुढे दोन्हीकडचा समाज वेगळा झाला, हे शाळेत शिकवतात ते बरोबर आहे का. माझ्या मते अर्धंच बरोबर आहे, आणि या अर्ध्यापायी माझं घरात भांडण झालंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी मूळचा निपाणी भागातला, घरी तंबाखू असायचा. आता नोकरीमुळे रिचमंडजवळ, म्हणजे व्हर्जिनियातच राहतो. साडू बॉस्टनच्या बाजूला असतात. एका थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्याकडे होतो, जेवताना पोरांना मेफ्लॉवरची, म्हणजे धर्मासाठी मॅसॅच्युसेट्सला आलेल्या लोकांच्या जहाजाची, गोष्ट सांगता सांगता ते म्हणाले, आमच्याकडे आले ते तत्त्वासाठी आले, तुमच्या व्हर्जिनियात आले ते सोन्याच्या हावेने, आळशी लोक, स्वतः राबायला नको म्हणून गुलाम आणले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं, कारण तंबाखूच्या शेतात आळशी माणूस टिकत नाही हे मी लहानपणापासून बघत आलोय. रोपं तयार करा, ती उपटून पुन्हा लावा, शेंडे खुडा, फुटवे काढा, पानावरच्या अळ्या हाताने वेचा, मग कापणी, वाळवणी, आणि यातलं एक जरी काम आठवडाभर लांबलं तरी पान गेलं. हात चिकट व्हायचे ते साबणाने निघायचे नाहीत, आईची नखं सीझनभर काळी असायची.

पुढच्या उन्हाळ्यात ते लोक आमच्याकडे आले तेव्हा मी मुद्दाम जेम्सटाउनला, म्हणजे व्हर्जिनियातल्या इंग्रजांच्या पहिल्या वस्तीच्या जागी, घेऊन गेलो. जागा बघितली की निम्मं कळतं. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ नुसती हिरवी रेघ दिसते, बेट सखल, आजूबाजूला दलदल, आणि डास. १६०७ च्या मे महिन्यात इथे १०४ पुरुष आणि पोरं उतरली. स्पॅनिश जहाजांपासून लपायला नदीच्या आत आणि जहाज थेट काठाला लागेल अशी खोल जागा म्हणून हे बेट निवडलं. पण पाणी भरतीला खारट आणि ओहोटीला गाळ आणि घाणीचं, असं तिथल्याच एकाने लिहून ठेवलंय. त्यात दुष्काळ. जुन्या सायप्रस झाडांच्या वलयांवरून अभ्यासकांनी काढलंय की १६०६ ते १६१२ हा तिथला ७७० वर्षांतला सगळ्यात कोरडा काळ होता. तिथल्या मूळच्या पॉहॅटन लोकांकडेच मका कमी, ते यांना कुठून देणार? जानेवारीपर्यंत १०४ पैकी ३८ जिवंत होते. याला आळस म्हणायचं? हगवण आणि तापाने फणफणलेला माणूस नांगर धरेल का?

साडू त्या विटांच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्याजवळ उभे राहून म्हणाले, गाव कुठंय मग, बॉस्टन बघा केवढं झालं. मी म्हटलं हाच तर मुद्दा आहे. चेसापीकच्या उपसागरात मिळणाऱ्या नद्या इतक्या खोल आणि लांब आहेत की समुद्रावरचं जहाज पार आतपर्यंत येतं. ज्याचा मळा नदीकाठी त्याचा स्वतःचा धक्का, लंडनचं जहाज तिथेच तंबाखूची पिंपं उचलणार आणि तिथेच कापड, भांडी, खिळे उतरवणार. मग बाजारपेठ कशाला, बंदर कशाला, गाव तरी कशाला? जेम्सटाउनच्याच जॉन रोल्फने १६१२ च्या सुमाराला वेस्ट इंडिजचं गोडसर बियाणं लावून बघितलं, ते चाललं, आणि तिथून सगळं फिरलं. तंबाखू जमीन तीन-चार वर्षांत खाऊन टाकतो, मग नवी जमीन हवी, म्हणून माणसं नदीकाठाने विखरत गेली, पॉहॅटन लोकांच्या शेतांवर चढत गेली, आणि १६२२ चा हल्ला झाला त्यात ३४७ इंग्रज मेले.

आणि न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला, काय होतं? हिमनद्यांनी खरवडलेली दगडगोट्यांची जमीन, छोटा उन्हाळा. तिथे लंडनला विकण्याजोगं पीक येतच नव्हतं. कितीही हाव असली तरी तंबाखूचा मळा उभा राहिला नसता. मग कॉड मासा, लाकूड, जहाजबांधणी. थंडीमुळे ताप कमी, माणसं म्हातारी होईपर्यंत जगायची, नातवंडं बघायची, आणि १६३० नंतर तिथे येणारे बरेचसे बायकापोरांसकट आलेले. घर, गाव, चर्च टिकायला एवढं पुरतं. आणि कॉडमधला हलका माल कुठे जायचा? वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांना खायला. हे थँक्सगिव्हिंगच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. मॅसॅच्युसेट्सने १६४१ च्या कायद्यात गुलामगिरीला जागा करून ठेवली हेही सांगत नाही. धर्मस्वातंत्र्य म्हणाल तर ते स्वतःपुरतं, वेगळं मत मांडणाऱ्या रॉजर विल्यम्स या पाद्र्याला हाकलला, आणि १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर नावाच्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या बाईला बॉस्टनमध्ये फाशी दिली.

उलट व्हर्जिनिया वसवणारी लंडनची व्हर्जिनिया कंपनी घ्या, तिचे लोक आपल्याकडे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीवाल्यांपेक्षा काही वेगळ्या मुशीतले नव्हते. कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि जेम्सटाउनला जहाजं घेऊन आलेला ख्रिस्तोफर न्यूपोर्ट, त्यानेच १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला सुरतेला आणून सोडला. तीच माणसं, तोच पैसा. सुरतेत तयार माल आणि जहांगीरची सत्ता होती म्हणून वखार झाली, जेम्स नदीवर मोकळी जमीन दिसली म्हणून मळे झाले (मोकळी त्यांच्या नजरेला, तिथे लोक राहत होते).

तुम्हाला असाइनमेंटमध्ये एकच उदाहरण द्यायचं असेल तर प्रॉव्हिडन्स बेट द्या. मॅसॅच्युसेट्सला वसायला जाणाऱ्यांच्या जहाजांचा मोठा ताफा निघाला त्याच १६३० मध्ये इंग्लंडातल्या प्युरिटन, म्हणजे त्या ताफ्यातल्यांच्याच कडव्या ख्रिस्ती पंथाच्या, बड्यांनीच, त्यात जॉन पिमसारखी पार्लमेंटमधली माणसं, निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोर हे बेट वसवायला कंपनी काढली. हेतू तोच, बायबल तेच. पण हवा गरम, जमीन तंबाखू-कापसाची. थोड्याच वर्षांत तिथे आफ्रिकन गुलाम आणले, १६३८ ला त्यांचं बंड झालं, आणि १६४१ ला स्पॅनिशांनी बेट घेतलं. मी हे साडूंना सांगितलं तर ते म्हणाले अपवाद आहे. मग जॉर्जिया घ्या म्हटलं. गरिबांसाठी काढलेली वसाहत, १७३५ मध्ये गुलामगिरीवर बंदी, पण शेजारी साउथ कॅरोलिनात भाताचे मळे गुलामांच्या जिवावर पैसा ओढत होते, १७५१ ला बंदी गेली. मेरीलँड कॅथलिकांना आसरा म्हणून १६३४ मध्ये वसवली, पण उपसागर तोच, म्हणून ती तंबाखूत व्हर्जिनियाची जुळी बहीण झाली. किती अपवाद धरायचे?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल मी व्हर्जिनियाची वकिली करतोय. जमिनीने तंबाखू दिला, गुलामगिरी दिली नाही. ती माणसांनी बसून कायद्यात लिहिली, १६६२ चा व्हर्जिनियाचा कायदा बघा, आई गुलाम तर मूलही गुलाम. त्याचं खापर मातीवर फोडता येत नाही आणि माझा तसा अर्थ नाही. शिवाय मॅसॅच्युसेट्सने १६४७ ला पन्नास घरांच्या गावाने मास्तर नेमायचा असा नियम केला तो बायबल वाचता यावं म्हणून, तिथे हेतूच होता, भूगोल नाही. पेनसिल्व्हेनियातही तसंच, जर्मनटाउनच्या क्वेकरांनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, गव्हाच्या जमिनीने तो करवून घेतला नसता.

म्हणून परीक्षेत "दोन्ही घटक महत्त्वाचे" असं गुळमुळीत लिहू नका. कुठे कुठला जिंकला ते वसाहत धरून लिहा, आणि "उत्तरेचे कष्टाळू, दक्षिणेचे आळशी" हे तर लिहूच नका, दक्षिणेत शेंडे खुडणारे हात कोणाचे होते हे त्यात झाकलं जातं.